त्रेपन्न दिवस

अल-खोबर,
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

चि. हफीजा हीस,
थोरल्या बहिणीचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इथं खुशाल आहोत. तुझे कान आता फोनला अजिबात दाद देत नाहीत, असं कादिरने कळवलं. परवा व्हिडिओवर तू हात हलवत होतीस, मी हात हलवत होते. कोण कोणाला निरोप देतंय तेच कळेना. म्हणून म्हटलं, पत्रच बरं. मी सांगते, अस्मा लिहिते आणि पानाचा फोटो काढून कादिरच्या मोबाइलवर पाठवते. तूही तसंच कर. चार इयत्ता शिकलीस, त्या कामी येऊ देत. अस्माला मी आधीच बजावलंय की सासूचं बोलणं सुधारून लिहायचं नाही. पान भरलं की ती मला वाचून दाखवते. एक शब्द गाळलेला मला चालत नाही.

इब्राहीम पहाटे कंपनीच्या बसने जुबैलला जातो आणि संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्यात बोलण्याइतकं काही उरलेलं नसतं. मुलगा भेटावा म्हणून तीन महिने झाले इथं आले, पण जास्त ओळख झाली ती त्याच्या डब्याशी. सुरमई मिळते, बर्फातली. तिला आपण कुठल्या समुद्रातल्या तेही आठवत नसावं.

आता मुख्य गोष्ट. इब्राहीमची अफशाँ फुटबॉल खेळते हे तुला माहीत आहे. मला वाटायचं, पोरगी पाय मोकळे करते. तसं नाही. इथं मुलींची एक टीम आहे आणि तिला शिकवणारी बाई पेरू देशाची आहे. पेरू म्हणजे खायचा पेरू नव्हे, हे मला घरात तिघांनी तीनदा समजावलं, जणू मी तिखटमीठ घेऊन बसले होते. मुली बाईला प्रोफे म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत मास्तरीण. ती ज्या क्लबात वाढली तो तिकडच्या कायाओ नावाच्या बंदरावरचा. क्लबाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, ते राहू दे. मी इब्राहीमला विचारलं की हा क्लब जिंकतो का. तो म्हणाला, फारसा नाही. मग एवढं नाव कशाचं? तर पोरं वाढवण्याचं. लहान असताना आणायची, शिकवायची, आणि हाताशी आली की मोठे क्लब, परदेशातले क्लब येऊन घेऊन जातात. मी म्हटलं, म्हणजे आपलं दाभोळच की. इब्राहीमला हसू आलं नाही.

तर हा क्लब दर जानेवारीत देशोदेशीच्या मुलांना आपल्याकडे खेळायला बोलावतो. इथून सहा मुली निवडल्यात आणि त्यांत आपली अफशाँ आहे. ती मागे उभी राहते. गोल करायचा नाही, समोरच्याला करू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. इब्राहीमने हे सांगताना दोनदा पाणी प्यायलं. लहानपणी जेट्टीवर उभा राहून बोटी मोजायचा, तसा दिसत होता.

पण एक कागद आलाय. या स्पर्धेत १ जानेवारी २०१२ नंतर जन्मलेल्याच मुली चालतात. अफशाँच्या दाखल्यावर जन्माची नोंद उशिरा झालेली दिसते. असं असेल तर ज्याने नोंद करवली त्या माणसाने प्रोफेसमोर बसून तारीख सांगायची आणि सही द्यायची, असा क्लबाचा नियम आहे. दाखल्याच्या अर्जावर नाव कोणाचं? माझं. सहीच्या जागी अंगठा. गुरुवारी, ६ नोव्हेंबरला बोलावलंय.

इथं अस्माचं पेन थांबलंय. लिही गं, तुला यात काय नवीन आहे?

हफीजा, दापोलीच्या कचेरीत त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला लिहून पाठव. मला सगळं आठवतं. तरी या वेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.

कादिरला आणि सुनेला दुआ. माझ्याकडून मायेत कसर नाही, तूही करू नकोस.

तुझी आपा,
खैरुन्निसा

—

दाभोळ,
बुधवार, २२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आपा हीस,
धाकट्या हफीजाचा अदबीने सलाम वि. वि.

पत्र पोचलं. कादिरने अक्षर मोठं करून दिलं तरी एका वेळी दोनच ओळी दिसत होत्या, त्यामुळे तुझे टोमणे तुकड्यातुकड्यांनी लागले. बोटी मोजणाऱ्या इब्राहीमचं वाचून मात्र मी मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडी बसून राहिले. आपल्या घरातली मुलगी खेळायला म्हणून समुद्रापार जाणार! मोहल्ल्यात अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगायला जीभ वळवळते आहे.

तू विचारलंस ते लिहिते. अफशाँ ९ नोव्हेंबर २०११ ची. अस्माला कळा लागल्या, रिक्षा जेट्टीच्या वळणावर बंद पडली, दवाखाना राहिला आणि सुईणीच्या ओटीवरच पोरगी झाली. त्यामुळे दवाखान्याची नोंद नाही. इब्राहीम तेव्हा जुबैलच्या कॅम्पात एकटा. आज करू, उद्या करू म्हणता दोन वर्षं गेली. मग त्याला बायकोमुलीला न्यायची परवानगी मिळाली, पासपोर्टला दाखला हवा झाला, आणि आपण दोघी दापोलीला गेलो. अर्ज मी लिहिला. वर्षाच्या जागी पेन आलं तेव्हा तू माझ्या मनगटावर हात ठेवलास आणि बारा लिही म्हणालीस. मी का म्हणून विचारलं. तू म्हणालीस, मुलीचं वय कागदावर एक वर्ष कमी असलेलं बरं, पुढं स्थळं बघताना उपयोगी पडतं. मी बारा लिहिलं, तू अंगठा उठवलास. कारकुनाने मान वर करूनही पाहिलं नाही. घरी येऊन सांगितल्यावर सगळे हसले, अस्मासुद्धा. तेव्हापासून पोरीला घरात एक वय आणि शाळेत एक वय.

हे झालं जे घडलं ते. आता माझं ऐक. मी बोटांवर दिवस मोजले. ९ नोव्हेंबरपासून १ जानेवारीपर्यंत त्रेपन्न दिवस होतात. सुईण गेली, ओटीही राहिली नाही. जगात कोणाला काही कळायचं नाही. त्रेपन्न दिवसांसाठी कोणी पोरीला विमानातून उतरवतं का? इब्राहीमचा कादिरला फोन आला होता, गरज पडली तर खालाची, म्हणजे माझीही, साक्ष लिहून हवी म्हणाला. मी हो म्हटलंय. तूही तारीख सांग, अंगठा दे आणि घरी येऊन जेव.

तुझ्या डाव्या गुडघ्याला तेल लावतेस का? उजव्याबद्दल विचारत नाही, त्याचं तू ऐकतेस.

लोभ आहे तसाच असू दे, रागाने पातळ करू नकोस.

तुझी,
हफीजा

—

अल-खोबर,
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

चि. हफीजा हीस,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बदललेलं तू ओळखलं असशीलच. हा विश्वनाथ. धोपाव्याचा, म्हणजे आपल्याच खाडीच्या पलीकडच्या काठाचा. जुबैलच्या कॅम्पात राहतो, इलेक्ट्रिशियन आहे आणि शुक्रवारी अस्माच्या हातचं कालवण जेवायला येतो. आज कालवणाआधी त्याला कामाला लावलंय. अस्माने लिहायला नकार दिला. ती आत आहे आणि भांडी गरजेपेक्षा जोरात घासते आहे. हे लिहायला विश्वनाथ बिचकतो. लिही रे, तिला ऐकू जातंय.

तुझं पत्र मी चार वेळा वाचून घेतलं. घरी येऊन जेव म्हणालीस. जेवेन, पण घास गिळता यायला हवा.

आमच्या खालच्या मजल्यावर साताऱ्याचा नागेश राहतो. त्याची मुलगी अनिता, अफशाँच्याच टीममध्ये. दोघींची शाळेची बस एक, खाऊचा डबाही एकच. सहा जणींची यादी झाली, तिच्याखाली एक नाव राखीव आहे. ते अनिताचं. एक गेली नाही तर ही जाईल. ती फेब्रुवारी २०१२ ची आहे, आणि तिच्या घरात तिचं वयही एकच आहे.

मला हे गेल्या रविवारी कळलं. रोज संध्याकाळी दोघी गाड्या लावायच्या जागेत चेंडू घेऊन उतरतात. अनिता चेंडू मारते, अफशाँ अडवते, आणि ती अडवायला शिकावी म्हणून अनिता जीव तोडून मारते. मी खुर्ची टाकून बघत बसते. अनिताला विचारलं, तुझं काय गं? ती म्हणाली, मी विमानतळावर सोडायला जाणार, अब्बूअंकलनी गाडीत जागा दिलीय. इब्राहीमला ती अब्बूअंकल म्हणते. इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

त्याच रात्रीच्या जेवणाला मी इब्राहीमला सांगितलं की बारा म्हणून अंगठा द्यायला माझं मन होत नाही. तो आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते. मग समजावत राहिला. पासपोर्टवर बारा, इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर बारा, शाळेत बारा. तू परक्या बाईसमोर अकरा म्हणालीस आणि तिने कुठं कळवलं, कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, कानावर गेलं, तर काय होईल? कंपनी माणसं कमी करतेय, त्यांना कारणच हवंय. सगळं बोलून झाल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, अम्मी, मी दाभोळच्या वाळूत अनवाणी खेळायचो. चांगला खेळायचो. कोणी बघायला आलं नाही. माझ्या मुलीला कोणीतरी बघितलं. एवढं बोलून हात न धुता खोलीत गेला. तेव्हापासून कामापुरतं बोलतो. अस्माने माझे पाय धरले, गं. सुनेने पाय धरावेत असं मी तिच्या लग्नापासून म्हणत आले, पण ते असे नव्हेत.

आता तुला एक सांगते. स्थळांचं कारण मी तेव्हा दिलं, ते खोटं नव्हतं, पण पुरं नव्हतं. माझ्या निकाहात अब्बांनी काझीसाहेबांना माझं वय सतरा सांगितलं. मी चौदाची होते. पडद्याआड बसून मी तो आकडा ऐकला. मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. अफशाँच्या कागदावर एक वर्ष कमी लिहिलं की मागणी घालणारे एक वर्ष उशिरा येतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. गुरुवारी समोर बसून विचारणार आहेत.

पोरीला यातलं किती कळलंय, मला माहीत नाही. घरात ती आली की सगळे गप्प होतात, म्हणजे बरंच कळलं असेल.

विश्वनाथचं कालवण गार होतंय. माया ठेव, निदान गुरुवारपर्यंत.

तुझी आपा,
खैरुन्निसा

—

दाभोळ,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आपा हीस,
हफीजाचा सलाम वि. वि.

आज लांबण लावत नाही.

तो आकडा मीही ऐकला होता. मी अंगणात पाटी घेऊन बसले होते. आठ वर्षांची होते, पण मोजता येत होतं. तू चौदाची आहेस हे मला ठाऊक होतं. मी उठून सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझी शाळा बंद करतील असं वाटलं. अठ्ठावन्न वर्षं झाली. तू मला चार इयत्तांवरून चिडवतेस ना, तेव्हा दर वेळी मला हेच आठवतं.

म्हणून सांगते, या वेळी गप्प राहा. आपल्या घरात तुझ्या वाटणीचं नेहमी दुसऱ्याला गेलं. माझी पाटीसुद्धा तुझीच होती. आता अफशाँच्या वाटणीचं अनिताला देऊ नकोस. अनिता चांगली मुलगी असेल. जगात चांगल्या मुली पुष्कळ आहेत, नात एकच आहे.

इब्राहीमला काही झालं तर तू स्वतःला माफ करणार आहेस का? याचं उत्तर मला नको, स्वतःला दे.

एवढं लिहूनही तू करायचं तेच करशील. तसं झालंच तर अर्जावरचं अक्षर माझं होतं असं सांग. सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊन मोठेपणा करू नकोस, थोरली आहेस तेवढं पुरे.

कादिर सारखा मोबाइल बघतोय. शुक्रवारी पत्र आलं नाही तर मी तुझ्याशी कट्टी.

तुझी,
हफीजा

—

अल-खोबर,
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

चि. हफीजा हीस,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

विश्वनाथ लिहितोय. आज तो जेवून आलाय, कारण आज आमच्या घरी कालवण नाही. कट्टी नको घेऊस. जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

मैदानाला लागूनच प्रोफेची छोटी खोली आहे. भिंतीवर तिच्या क्लबातल्या मुलांचे फोटो, लहान लहान पोरं, मागे जहाजं. इब्राहीमने रजा काढली होती. अफशाँ टीमचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसली. प्रोफे चाळिशीची असेल, मान उन्हाने भाजलेली, हात आपल्या कोळणींसारखे. तिने आम्हाला खजूर दिला, कावा म्हणजे इकडची कॉफी दिली. मग कागद पुढं घेतला आणि इब्राहीमच्या तोंडून मला विचारलं, ही कधी जन्मली?

मी सांगितलं. नऊ नोव्हेंबर, दोन हजार अकरा. दाभोळच्या जेट्टीजवळ, सुईणीच्या ओटीवर, दुपारच्या अजानच्या आधी. नोंद करताना मी एक वर्ष पुढचं लिहायला लावलं, ही चूक माझी.

इब्राहीमने ते इंग्रजीत सांगितलं. माझ्या एवढ्या शब्दांचं त्याचं इंग्रजी फारच थोडकं झालं. प्रोफे हसली आणि शाईचा डबा माझ्याकडे सरकवला. आता तूच सांग, अकरा ऐकून ती हसेल?

हफीजा, मला राग आला नाही. मला त्याची कीव आली. बावीस वर्षं या देशात कोणाच्या पुढं मान वर करून बोलला नसेल आणि पोटच्या पोरीसाठी आईच्या तोंडचे शब्द बदलत होता. त्याच्या कानामागून घाम येत होता. मी डब्याकडे बघितलं. मग सवयीने, जशी अस्माला म्हणते तशी, अफशाँला म्हणाले की तुझ्या अब्बांनी काय सांगितलं ते मला परत वाचून दाखव.

ती खाली बघून म्हणाली, अब्बा म्हणाले, दादी म्हणते बारा.

मी विचारलं, आणि दादी काय म्हणाली?

इब्राहीम म्हणाला, अम्मी, बस. खलास. मी अंगठा मुठीत घेतला आणि मूठ मांडीवर ठेवली. यापलीकडे मी काही केलं नाही, हे अल्लाला साक्ष ठेवून सांगते. प्रोफे आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

मग अफशाँ बोलली. बापाकडे एकदा बघितलं आणि प्रोफेकडे वळून इंग्रजीत बोलली. फार नाही, तीन-चार वाक्यं. त्यातलं इलेव्हन मला कळलं. आवाज चढला नाही, रडली नाही. शर्टाची बाही मात्र तिने हातात घट्ट धरून ठेवली होती.

 प्रोफेने यादी काढली, पट्टी लावून सरळ एक रेघ मारली आणि खाली नाव लिहिलं. तिने अफशाँला काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, मलाही सांग. पोरीने मला सांगितलं, जसा दुकानदार माल संपल्याचं सांगतो तसं. प्रोफे म्हणते, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं. तिच्या बंदरावरही लोक मुलांसाठी कागद वाकवतात, एकदा एक मुलगी धाकट्या बहिणीच्या कागदावर खेळली, ते उघडं पडलं आणि मुलगी खेळ सोडून गेली. म्हणून हा नियम. ती कुठंही कळवणार नाही. पण कागद दुरुस्त होईपर्यंत हिचं नाव कुठल्याच यादीत घालणार नाही. आणि अशी मागे उभी राहणारी मुलगी तिला परत मिळणार नाही.

शेवटचं वाक्य पोरीने सांगितलं नाही, इब्राहीमने सांगितलं. तेवढं एक त्याने बरोबर सांगितलं.

येताना गाडी समुद्राच्या कडेने आली.  घरी आल्यावर अफशाँ खाली गेली आणि अनिताला स्वतः सांगून आली. तासाभराने नागेश वर आला. दारातच उभा राहिला, मुलीला पाठवत नाही म्हणाला. इब्राहीमने त्याला आत घेतलं आणि पाठव म्हणाला. मला वाटलं होतं तो दार लावून घेईल. माझा मुलगा मला वाटतो त्याहून मोठा आहे, आणि हे त्याला सांगायची सोय मी ठेवली नाही.

तुझ्या अक्षराचं मी कोणाला सांगितलं नाही. विचारलंच नाही कोणी.

परवा, नऊला, पोरीला चौदा पुरी होतील. ती माझ्याशी बोलत नाही. पाणी आणून देते, औषध देते, बोलत नाही.

माझ्यासाठी दुआ माग. वाटलं तर रागावून माग, पण माग.

तुझी आपा,
खैरुन्निसा

—

दाभोळ,
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आपा हीस,
हफीजाचा सलाम वि. वि.

दोन आठवडे तुला लिहिलं नाही. पहिला आठवडा रागात गेला, दुसरा दापोलीत.

कादिरला घेऊन मी कचेरीत गेले. आता तिथं एक तरुण बाई बसते. आपला जुना अर्ज कुठल्याशा गठ्ठ्यातून निघाला. माझं अक्षर तेव्हा किती सरळ होतं! तिने विचारलं, चूक कशी झाली? मी म्हटलं, झाली नाही, केली.  ती म्हणाली, आजी, असं लिहून दिलंत तर तुम्हाला त्रास होईल, नजरचुकीने झाली असं लिहा. पुन्हा एक कागद आणि पुन्हा एक खोटं, या वेळी सरकारच्याच सल्ल्याने. मी केली असंच लिहिलं आणि सही केली. काय होईल ते होऊ दे, या वयात मला कोण कुठं नेतंय? तुझा जबाब तिकडच्या आपल्या वकिलातीतून येऊ दे, मग नवा दाखला निघेल. इब्राहीमचे कागदाबद्दल दोन फोन आले. तुझं नाव घेत नाही, पण खालाचे पाय सुजले का, एवढं विचारतो.

मी तुला गप्प राहा म्हणाले होते. अजूनही मला तेच बरोबर वाटतं. तरी कचेरीतून बाहेर आले तेव्हा फार वर्षांनी मला भूक लागली आणि मी बस स्टँडवर दोन वडे खाल्ले. त्यातला एक तुझ्या नावाचा.

पोरगी बोलली का?

तुझी माया मला लागते, हे लिहून ठेवते. तोंडाने मी म्हणणार नाही.

तुझी,
हफीजा

—

अल-खोबर,
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

चि. हफीजा हीस,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

आज अक्षर अस्माचं. ती आपणहून वही घेऊन बसली, मी बोलावलं नव्हतं. वडा पोचला असं समज.

नवा दाखला आला. पासपोर्टच्या कामाला इब्राहीम स्वतः फिरतो. अजून कंपनीने काही विचारलेलं नाही, पण दारावरची घंटा वाजली की घरातल्या सगळ्यांचे हात थांबतात. हे किती दिवस चालेल कोण जाणे. इब्राहीम आता माझ्याशी बोलतो, जरा जपून, दुखऱ्या दाताने जेवावं तसं.

अनिता गेली. अफशाँ विमानतळावर सोडायला गेली होती. येऊन तिने पुस्तक काढलं आणि अभ्यासाला बसली. तेव्हाही माझ्याशी बोलली नाही. सहा तारखेपासून अकरा आठवडे. मी मोजले, मला मोजता येतं.

परवा त्यांचा शेवटचा सामना होता. तिकडं सकाळ, इकडं संध्याकाळ. नागेशच्या घरच्या मोठ्या टीव्हीवर मोबाइल जोडला होता. इब्राहीम बसमधून उतरून कामाच्या कपड्यांतच आला. मला खुर्ची दिली. पडद्यावर ते बंदर दिसत होतं, राखाडी आभाळ, मैदानाच्या कडेला मुलांना घेऊन बसलेल्या बायका. हिरव्यावर सगळ्या मुली सारख्याच दिसतात. अनिता मात्र मला लगेच सापडली, कारण ती अफशाँच्या जागी उभी होती. तिची नेहमीची जागा पुढची. दुसरी कोणी नव्हती म्हणून तिला मागे ठेवली होती.

एक आमचा झाला, एक त्यांचा. संपायला पाच मिनिटं राहिली असं नागेश म्हणाला. अफशाँ टीव्हीपासून हातभर अंतरावर उभी होती. ती इंग्रजीत ओरडू लागली, नागेशने सांगितलं म्हणून मला कळलं, डावीकडे जा, डावीकडे, तिला आत येऊ देऊ नको. एवढ्या लांब कोणाला ऐकू जाणार? अनिता उजवीकडे वळली. समोरची मुलगी डावीकडून निघून गेली आणि चेंडू आत. अनिता तिथंच गवतावर बसली. थोड्या वेळाने शिटी वाजली.

नागेशने आवाज बंद केला.  अफशाँ वळली, सगळ्यांच्या मधून चालत माझ्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली आणि आपल्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, दादी, मी असते तर तो गोल झाला नसता.

हफीजा, सगळे माझ्याकडे बघत होते. इब्राहीम बघत होता. सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पुढच्या वर्षी जाशील, असं म्हणता आलं असतं. खेळात असं व्हायचंच, असं म्हणता आलं असतं. अनिताच्या आईसमोर असं बोलू नये, असंही. अकरा आठवडे मी हेच सगळं तोंडात घोळवत होते. पण पोरीने मला खरी गोष्ट सांगितली होती आणि तिला ती कोणीतरी ऐकायला हवी होती.

मी म्हटलं, नाही झाला असता.

ती तशीच उभी राहिली.  खुर्चीत जागा नव्हती, तरी ती माझ्या शेजारी घुसून बसली, एवढी मोठी घोडी, आणि माझ्या ओढणीत तोंड घालून मोठमोठ्याने रडली. कोणीही तिला गप्प केलं नाही.

डोळे टिपून अस्मा म्हणते, पान संपलं. मग इथंच थांबते. तू आपली तब्येत सांभाळ, आणि मला विसरलीस तर उचकी लागू देणार नाही, येऊन बसेन.

तुझी आपा,
खैरुन्निसा